घरी घडवलेल्या अँबियंट अल्बमचा परिचय : पहिल्या ध्वनीपासून श्रोत्यापर्यंत

गाण्यांच्या अल्बमपाशी शब्द असतात, गायकाचा आवाज असतो, गुणगुणता येईल असे धृपद असते. अँबियंट, म्हणजे वातावरणप्रधान इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अल्बमपाशी यातले काहीच नसते. चाळीस मिनिटे अगदी हळू पालटत जाणारे स्वर, मधूनच पाण्याचा किंवा यंत्राचा आवाज आणि ताल बहुधा नाहीच, असे त्याचे रूप असते. अशा संगीताशी ज्याची ओळख नाही, त्याला आत घेऊन येण्याचे काम परिचयाच्या चार ओळींनाच करावे लागते. माझा पहिला अल्बम मी नागपुरातल्या माझ्या खोलीत पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण केला आणि त्याच बैठकीत ‘मनाला शांत करणारे ध्वनी’ एवढीच ओळ लिहून तो प्रकाशित केला. दुसऱ्या दिवशी मावशीने तो मन लावून दहा मिनिटे ऐकला आणि विचारले, “बाबू, गाणं कधी सुरू होणार रे?” तिचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर माझ्या परिचयात असायला हवे होते आणि ते तिथे नव्हते.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की परिचय अल्बम झाल्यावर लिहायला घेतला तर त्यात विशेषणांखेरीज काही उतरत नाही. त्याचे साहित्य अल्बम घडत असतानाच, पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या दिवसापासून जमवावे लागते. म्हणून या लेखात अल्बम घडवणे आणि त्याचा परिचय करून देणे ही दोन कामे मी वेगळी काढलेली नाहीत.

पहिला टप्पा : वही आणि एक वाक्य

साधी दोनशे पानी वही घ्यावी. तिच्या पहिल्या पानावर हा अल्बम कोणत्या जागेचा आणि कोणत्या वेळेचा आहे, एवढेच एका वाक्यात लिहावे. ‘निसर्ग’, ‘एकांत’, ‘अंतराळ’ असे मोठे शब्द टाळावेत, कारण त्यांतून पुढच्या कोणत्याही कामाचा निर्णय निघत नाही. माझ्या दुसऱ्या अल्बमच्या वहीत पहिले वाक्य होते, ‘नवतपा, दुपारी दोन ते दिवेलागण, बंद खिडकीच्या आतून ऐकलेले नागपूर.’ सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हा, मेच्या अखेरीस सुरू होणारे हे नऊ दिवस विदर्भात कसे असतात हे येथल्या वाचकाला सांगायला नको. त्या एका वाक्यामुळे कोणते ध्वनी घ्यायचे, कोणते सोडायचे, तुकड्यांचा क्रम काय आणि मुखपृष्ठावर कोणते चित्र, हे प्रश्न पुढे आपोआप सुटत गेले. पक्ष्यांची सुंदर किलबिल माझ्याकडे मुद्रित होती. पण ती पहाटेची होती, म्हणून ती वगळली.

वहीत प्रत्येक ध्वनीची तारीख, वेळ, ठिकाण आणि त्या वेळी मनात आलेले एखादे निरीक्षण लिहावे. पुढे परिचय लिहिताना हीच पाने उपयोगी पडतात.

दुसरा टप्पा : ध्वनी जमवणे

हा सर्वांत रसाळ भाग असल्याने त्याला घाई करू नये. हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर उत्तम. तो नसेल तर मोबाइलवरही सुरुवात करता येते, मात्र मोबाइलमधली आवाज आपोआप कमी-जास्त करणारी आणि गोंगाट पुसणारी सोय बंद करणारे ॲप निवडावे. मुद्रण वेव्ह फाइलमध्ये, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करावे. अशा स्टिरिओ मुद्रणाला मिनिटाला सुमारे १७ एमबी, म्हणजे तासाला साधारण एक जीबी जागा लागते. पातळी अशी ठेवावी की मोठ्यातला मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, कारण २४ बिटमध्ये हळू मुद्रित झालेला आवाज नंतर वाढवता येतो, पण फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. मायक्रोफोनवर केसाळ टोपी असल्याशिवाय फुटाळा तलावाच्या काठी जाऊ नये; तेथला वारा सगळे मुद्रण खाऊन टाकतो. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी तारीख, जागा आणि वेळ आपल्या आवाजात सांगावी आणि मग किमान पाच मिनिटे जराही न हलता उभे राहावे. पहिल्या मिनिटात आपल्याला जागेचा ओळखीचा आवाजच ऐकू येतो, त्याखालचे बारकावे तिसऱ्या-चौथ्या मिनिटानंतर कळू लागतात.

नागपुरात ऐकण्यासारखे पुष्कळ आहे. गोरेवाड्याच्या बाजूला पावसाळ्याच्या तोंडावर रातकिड्यांचा एकच अखंड स्वर लागतो. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला की पाण्याच्या पडद्याचा भरदार आवाज मिळतो, पण तेव्हा तेथे गर्दीही असते, म्हणून पहाट गाठावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत ढोलताशांचा आवाज इतका चढतो की रेकॉर्डरची पातळी जवळपास तळाशी न्यावी लागते. मिरवणुकीत ध्वनिक्षेपकावर चित्रपटगीत वाजत असेल तर ते मुद्रण वापरू नये. ते गाणे दुसऱ्याच्या मालकीचे आहे आणि प्रकाशनाच्या वेळी यंत्रणा ते लगेच ओळखते. एखाद्या व्यक्तीचे बोलणे स्पष्ट ऐकू येत असेल तर तिची संमती घ्यावी. रेल्वेचे आवाज टिपताना रुळांवर किंवा मज्जाव असलेल्या हद्दीत पाऊल ठेवू नये, तो कायद्याने गुन्हा आहे आणि जिवावरही बेतू शकतो. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. या डायमंड क्रॉसिंगवरून गाडी जाताना चाकांचा जो खणखणाट होतो, तो रस्त्यावरच्या सुरक्षित अंतरावरूनही पुरेसा मिळतो.

आता कूलर. उन्हाळ्यात नागपूरकर संगीतकाराला कूलर हा शत्रू वाटतो, कारण तो चालू असला तर मुद्रण होत नाही आणि बंद असला तर खोलीत बसवत नाही. मी त्याच्यावर दोन उपाय योजले. पहिला साधा आहे : मायक्रोफोनचे काम पहाटे चार ते सहा या वेळेत, कूलर बंद ठेवून उरकावे आणि दुपारी हेडफोन लावून संपादनाचे काम करावे. दुसरा उपाय मात्र माझ्या अल्बमचा पायाच ठरला. आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असते, त्यामुळे मोटरची गुणगुण प्रामुख्याने ५० आणि तिच्या दुपटीला, म्हणजे १०० हर्ट्झला ऐकू येते. पेटीच्या भाषेत पांढरी पाचचा खर्ज ४९ हर्ट्झवर आणि त्याच्या वरच्या सप्तकातला तोच स्वर ९८ हर्ट्झवर असतो. कूलर त्याहून सुमारे ३५ सेंट, म्हणजे एका अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याइतका चढा लागतो. सिंथेसायझरमध्ये सुराचा मूळ आधार ४४० ऐवजी ४४९ हर्ट्झ ठेवला की पांढरी पाच थेट कूलरच्या सुरात मिळते. मी तसे केले आणि कूलरच्या आवाजाला अल्बमचा षड्ज मानले. ज्या आवाजाने घरातली प्रत्येक दुपार भरलेली असते, तोच स्वरांचा आधार झाल्यावर नागपुरातल्या श्रोत्यांना हे संगीत परके वाटले नाही, असा माझा अनुभव आहे. विजेची वारंवारता किंचित वर-खाली होत राहते, म्हणून प्रत्यक्ष मुद्रणाचा आलेख संगणकावर पाहून सूर मिळवावा.

तिसरा टप्पा : रचना

साधनांवर फार पैसे घालवण्याची गरज नाही. ध्वनिसंपादनाची ऑडॅसिटी विनामूल्य आहे, अनेक थर जुळवण्याचे रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते, सर्ज एक्सटी आणि व्हायटल या सिंथेसायझरांच्या विनामूल्य आवृत्त्या वर्षभराच्या कामाला पुरून उरतात. पहिला खर्च करायचा तर तो बंद पाठीच्या चांगल्या हेडफोनवर करावा.

ज्याने तानपुऱ्याखाली बसून ऐकले आहे, त्याला अँबियंट रचनेचे निम्मे शिक्षण आधीच मिळालेले असते. तानपुऱ्याच्या चार तारा त्याच क्रमाने फिरत राहतात, तरी जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून उठणाऱ्या झणकारामुळे, प्रत्येक फेरीत वेगळे स्वरांश उमटतात आणि कान तेथे गुंतून राहतो. संगणकावर हे साधायचे असेल तर लांबीने न जुळणारे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत राहणारे ध्वनीचे तुकडे, घ्यावेत. समजा, एक लूप १७ सेकंदांचा, दुसरा २३ चा आणि तिसरा ३१ चा आहे. तिन्ही एकदम सुरू केले तर ते पुन्हा एकाच क्षणी सुरुवातीला येण्यासाठी १२,१२१ सेकंद, म्हणजे तीन तास बावीस मिनिटे लागतात. तेवढ्या अवधीत एकही क्षण मागच्यासारखा होत नाही. मात्र तिन्ही लूपांत स्वर मोजके, तीन-चारच असावेत, नाहीतर गलका होतो.

ध्वनी ताणण्यासाठी ऑडॅसिटीतच पॉलस्ट्रेच नावाची सोय आहे. चार सेकंदांच्या घंटानादाचे त्यात चार मिनिटांचे ढग होतात. ताणलेल्या आवाजात तळाशी गाळ साचतो, म्हणून ३० ते ४० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाकावा. स्वराचा आरंभ दोन-तीन सेकंदांत हळू उमलेल असा ठेवावा. रिव्हर्ब, म्हणजे जागेचा घुमारा देणारा परिणाम, वापरताना एक पथ्य मी पाळतो : सर्व थरांवर एकच मोठी पोकळी लादत नाही. एखादा थर कोरडा आणि जवळ ठेवला तरच बाकीचे दूर वाटतात. परवानगी मिळत असेल तर जुन्या दगडी वास्तूत फुगा फोडून त्याचा घुमारा मुद्रित करावा. कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये तो मुद्रणाचा तुकडा टाकला की आपले स्वर त्या वास्तूत वाजल्यासारखे ऐकू येतात. परिचयात लिहिण्यासारखी ही गोष्ट आहे, म्हणून वास्तूचे नाव आणि तारीख वहीत त्याच दिवशी नोंदवावी.

येथे एक विषय मांडतो, कारण परिचय लिहिताना अनेक जण अकारण संकोचतात. ‘अँबियंट’ हा शब्द ब्रिटिश संगीतकार ब्रायन इनो यांनी १९७८ मध्ये रूढ केला हे खरे. पण इलेक्ट्रॉनिक ध्वनिनिर्मिती आपल्याकडे त्याआधीच पोचली होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला आणि त्यात गीता साराभाई यांच्यासारख्या, भारतीय संगीतात मुरलेल्या व्यक्तींनी काम केले. तेव्हा ‘हे आपले संगीत नाही, पण ऐकून पाहा’ अशा सुराचा परिचय लिहिण्याचे काहीच कारण नाही.

चौथा टप्पा : मिक्सिंग, मास्टरिंग आणि तुकडे पाडणे

स्पॉटिफाय सर्व मुद्रणे वाजवताना त्यांचा सरासरी मोठेपणा उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) आसपास आणते आणि शिखर उणे १ डेसिबलच्या आत ठेवण्याची शिफारस करते. म्हणून अल्बम दाबून मोठा करण्यात काही लाभ नाही. माझे अल्बम उणे १८ ते उणे २० च्या दरम्यान असतात; हळू मुद्रण शिखराला जागा असेल तेवढेच वर उचलले जाते आणि चढ-उतार शाबूत राहतात. शेवटची परीक्षा चांगल्या स्पीकरवर करू नये. छतावरचा पंखा चालू ठेवून मोबाइलच्या स्पीकरवर, अगदी हळू आवाजात ऐकावे. तेव्हाही रचना कोठून कोठे जाते हे कळले पाहिजे.

तुकडे पाडताना व्यवहार ध्यानात घ्यावा. ३० सेकंद ऐकले की स्पॉटिफायवर एक श्रवण मोजले जाते आणि वीस मिनिटांची रचनाही एकच श्रवण ठरते. शिवाय २०२४ पासून ज्या ट्रॅकला मागील बारा महिन्यांत किमान १,००० श्रवणे मिळाली नाहीत, त्याला तेथे मोबदला मिळत नाही. चाळीस मिनिटांचे सहा ते आठ तुकडे करणे मला योग्य वाटते, पण दोन-दोन मिनिटांचे वीस तुकडे करून श्रवणे वाढवण्याचा मार्ग या संगीताचा जीवच घेतो. एका तुकड्यातून दुसऱ्यात प्रवाह अखंड राहायचा असेल तर ध्वनिलहर शून्यावर असते त्या बिंदूला छेद द्यावा, नाहीतर तेथे ‘टक्’ असा आवाज येतो.

पाचवा टप्पा : नाव, मुखपृष्ठ, हक्क

हा भाग रुक्ष आहे, पण येथल्या चुका प्रकाशनानंतर निस्तरणे फार कष्टाचे पडते. अल्बमचे व प्रत्येक तुकड्याचे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत कसे लिहायचे ते एकदा ठरवून सर्वत्र तेच ठेवावे. ‘भाषा’ या रकान्यात शब्द नसलेल्या संगीताचा पर्याय निवडावा. मुखपृष्ठ चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेलचे असावे. त्यावर संकेतस्थळाचा पत्ता किंवा किंमत असू नये. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी हा बारा चिन्हांचा ओळख क्रमांक लागतो. तो बहुतेक वितरक, म्हणजे स्पॉटिफायसारख्या सेवांवर आपले संगीत पोचवणाऱ्या कंपन्या, स्वतः देतात. मिळालेले सर्व क्रमांक एका तक्त्यात जपून ठेवावेत, कारण पुढे वितरक बदलल्यास तेच क्रमांक वापरायचे असतात.

स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्यानुसार निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. वहीतल्या तारखा आणि मूळ फाइली हाच आपला पुरावा असल्याने त्यांच्या तीन प्रती, त्यांपैकी एक घराबाहेर, ठेवाव्यात. विकत किंवा फुकट मिळणारे तयार लूप वापरले असतील तर आवाज ओळखून हक्काचा दावा लावणाऱ्या यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेत ते ट्रॅक नोंदवू नयेत. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या कलावंताच्या निर्मितीवर आपला दावा लागतो आणि विनाकारण वाद उभा राहतो.

सहावा टप्पा : परिचय लिहिणे

आता वही उघडावी. परिचय तीन लांबीचे लागतात : एका वाक्याचा, सुमारे शंभर शब्दांचा आणि पानभराचा. माझा आग्रह असा की पानभराचा आधी लिहावा. त्यात वहीतले सगळे नेमके तपशील ओतावेत, मग त्यातून शंभर शब्द गाळावेत आणि शेवटी एक वाक्य. उलट दिशेने गेल्यास वाक्य पोकळ होते आणि नंतर ते फुगवावे लागते.

वाचणाऱ्याला चार गोष्टी कळायला हव्यात. हे आवाज कुठले आहेत? अल्बम किती वेळाचा आहे? तो कधी आणि कसा ऐकावा? आणि मावशीच्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे यात काय घडते? शेवटची गोष्ट सर्वाधिक वेळा राहून जाते. अँबियंट रचनेत काहीच घडत नाही हा समज आपणच गप्प राहून पसरवतो. खरे तर खूप काही घडते, फक्त सावकाश. ‘तिसऱ्या तुकड्यात सहाव्या मिनिटाला कूलर बंद होतो आणि तोवर त्याखाली दडलेला पंचम पहिल्यांदा ऐकू येतो’ एवढे सांगितले की श्रोता त्या क्षणाची वाट पाहू लागतो, आणि वाट पाहणे हेच तर या संगीताचे ऐकणे आहे.

माझ्या पहिल्या परिचयाची ओळ कितीही अल्बमांना चालली असती, हा तिचा दोष होता. दुसऱ्या अल्बमचा शंभर शब्दांचा परिचय मी असा लिहिला :

“नवतप्यातल्या नागपूरच्या एका दुपारचे हे चाळीस मिनिटांचे संगीत आहे. यात शब्द आणि ताल नाहीत. घरातल्या कूलरची गुणगुण हा याचा षड्ज असून सिंथेसायझरचे सर्व स्वर तिच्याशी मिळवलेले आहेत. पहिल्या तुकड्यात खिडक्या बंद आहेत आणि बाहेरचे शहर दबून ऐकू येते. तिसऱ्या तुकड्यात वीज जाते, कूलर थांबतो आणि डायमंड क्रॉसिंगवरून जाणारी मेल लांबून ऐकू येते. शेवटच्या तुकड्यात दिवेलागण होते, घरोघर खिडक्या उघडतात. हे संगीत हळू आवाजात, दुसरे काम करत असतानाही ऐकता येईल. पण एकदा तरी दुपारी, दिवा न लावता, हेडफोनवर सलग ऐकावे.”

यात एकही कौतुकाचे विशेषण नाही. ‘दिव्य’, ‘अद्भुत’, ‘वेगळ्याच विश्वात नेणारे’ हे शब्द श्रोत्याने वापरले तर आनंद आहे, आपण वापरू नयेत. संगीताने आजार बरा होतो, अमुक वारंवारतेने मन शुद्ध होते अशी विधाने तर कटाक्षाने टाळावीत. ती सिद्ध करता येत नाहीत आणि आजारी माणूस त्यांवर विश्वास ठेवू शकतो. तांत्रिक यादीही मर्यादेत असावी. सिंथेसायझरचे नाव दुसऱ्या संगीतकाराला रुचते, सामान्य श्रोत्याला कूलर कळतो. पानभराच्या परिचयात शेवटी एक ओळ साधनांसाठी पुरते.

मराठीत लिहिण्याचाही मी आग्रह धरतो. जगभरच्या श्रोत्यांसाठी इंग्रजी मजकूर लागेल, तो स्वतंत्रपणे लिहावा; मराठीचे शब्दशः भाषांतर करू नये, कारण परदेशातल्या वाचकाला कूलर म्हणजे काय, नवतपा म्हणजे काय, हे आधी सांगावे लागते. उलट मराठी मजकुरात ते समजावून सांगत बसलो तर आपल्याच माणसांशी आपण परक्यासारखे बोलतो.

सातवा टप्पा : प्रकाशनाचे दिवस

फाइली वितरकाकडे किमान चार आठवडे आधी द्याव्यात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे अप्रकाशित ट्रॅक सुचवता येतो, तोही एका वेळी एकच आणि प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी. तेथे ५०० अक्षरांची मर्यादा असते, म्हणून शंभर शब्दांच्या परिचयातले पहिले निम्मे तेथे बसते का ते आधीच पाहून घ्यावे.

थेट विक्रीसाठी बँडकॅम्प अजूनही या संगीताला सर्वांत सोयीचे आहे. तेथे पानभराचा परिचय आणि प्रत्येक तुकड्याखाली स्वतंत्र टीप लिहिता येते, श्रोता मनाजोगी किंमत देऊ शकतो आणि डिजिटल विक्रीवर १५ टक्के वाटा कापला जातो. पैसे पेपॅलमार्फत येतात, त्यासाठी पॅन आणि बँक खाते जोडलेले लागते. हे काम प्रकाशनाच्या आधीच उरकावे. वीस माणसांनी विचारपूर्वक विकत घेतलेला अल्बम मला हजारो अर्धवट श्रवणांहून मोलाचा वाटतो, आणि हिशेबानेही तो बहुधा जास्तच भरतो.

समीक्षकांना किंवा रेडिओवाल्यांना एकगठ्ठा संदेश पाठवू नये. ज्यांनी अशा प्रकारच्या संगीतावर काही लिहिले वा वाजवले आहे असे दहा जण शोधावेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहावे. पत्रात एक वाक्याचा परिचय, ऐकण्याचा दुवा आणि ‘वेळ कमी असेल तर तिसरा तुकडा ऐकावा’ एवढी सूचना पुरे. फाइल जोडून पाठवू नये. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी आणि मग थांबावे.

आठवा टप्पा : ऐकण्याची बैठक

परिचय लिहून पाठवण्यापेक्षा माणसांना बोलावून एकत्र ऐकवणे अधिक परिणामकारक ठरते आणि ते नागपुरात सहज जमण्यासारखे आहे. मोठ्या सभागृहाची गरज नाही. पंधरा-वीस माणसे बसतील अशी गच्ची किंवा दिवाणखाना पुरतो. डिसेंबर-जानेवारीत पंखे बंद ठेवता येतात, म्हणून बैठक हिवाळ्यात ठेवावी, मग अल्बम उन्हाळ्याचा असला तरी चालेल. संध्याकाळी सातला सुरू करावी. गच्चीवर असाल तर शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे हे लक्षात ठेवावे. सतरंज्या अंथराव्यात, मागे एक-दोन खुर्च्या वडीलधाऱ्यांसाठी. दोन स्पीकर आणि श्रोत्यांचा मध्य यांचा समभुज त्रिकोण व्हावा अशी मांडणी करावी. आवाज इतकाच की शेजारच्या माणसाने हळू बोललेले कळेल, पण बोलावेसे वाटणार नाही.

आरंभी पाच मिनिटांहून जास्त बोलू नये. माझी पद्धत अशी आहे : प्रथम कूलरचे मूळ मुद्रण एक मिनिट, काहीही न मिसळता ऐकवतो. लोक ओळखतात, हसतात, कोणी आपल्या घरच्या जुन्या वाळ्याच्या ताट्यांची आठवण काढतो. मग त्याच आवाजावर पेटीने पांढरी पाचचा षड्ज लावून दाखवतो, दोन्हींतला तो बारीक फरकही ऐकवतो आणि लगेच पहिला तुकडा सुरू करतो. ज्यांनी आयुष्यात असे संगीत ऐकलेले नाही तेही चाळीस मिनिटे स्वस्थ बसतात, कारण कशाला धरून ऐकायचे ते त्यांना समजलेले असते. चहा-पोहे नंतर द्यावेत.

त्यानंतर ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. सर्व जण सभ्यपणे ‘छान’ म्हणतात. ‘लक्ष कोठे भरकटले?’ आणि ‘कोणता आवाज ओळखता आला नाही?’ हे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत शब्दशः उतरवावीत. मागच्या जानेवारीच्या बैठकीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका मागच्या खुर्चीवर बसले होते. परिचयाची छापील प्रत त्यांच्या हातात होती. ते म्हणाले, “तिसऱ्यात तुम्ही मेल लिहिली आहे ना, ती मेल नाही. डबा लांब असतो, त्याच्या चाकांचे ठोके लांब-लांब पडतात. हे ठोके जवळ-जवळ आहेत आणि सारखे आहेत. ही मालगाडी आहे, आणि भरलेली आहे.” मी त्यांच्याबरोबर तो तुकडा पुन्हा ऐकला. ते बोटांनी ठोके मोजून दाखवत होते. त्याच रात्री मी परिचयातला ‘मेल’ हा शब्द काढला आणि तेथे ‘भरलेली मालगाडी’ असे लिहिले.